मुलांबरोबर घरी ब्रेड करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना घेऊन ब्रेड करायला लागल्यापासून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे आणि आडवळणाचे पुढे. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहायचं टाळलंय. जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूल किती वर्षांचं झालं की ब्रेड करायला घ्यावं?

उभं राहून ओट्यापर्यंत हात पोचला की घ्यावं. दोन-तीन वर्षांचं मूल मोजलेलं पाणी ओततं आणि गोळा चिवडतं, त्या वयाला तेवढं पुष्कळ. चार ते सहाच्या मुलांना वजनकाट्यावरचे आकडे वाचायला भारी आवडतात. सात-आठपासून मळणं आणि आकार देणं जमतं. अकरा-बारा वर्षांचं मूल सगळी कृती स्वतः वाचून करू शकतं, पण ओव्हन उघडताना मोठं माणूस शेजारी हवंच (प्रश्न ११).

एकच अट: प्रत्येक मुलाला त्याचा स्वतंत्र गोळा. एका गोळ्यात तीन मुलांचे सहा हात गेले की पाचव्या मिनिटाला भांडण ठरलेलं.

२. मी स्वतःच कधी ब्रेड केलेला नाही. पहिल्यांदा काय करू?

मोठा लोफ नको, छोटे बन करा. लोफ आतून कच्चा राहण्याची भीती असते. बन पंधरा-अठरा मिनिटांत भाजून होतात आणि प्रत्येकाला आपला बन ओळखता येतो.

नऊ बनांसाठी ३०० ग्रॅम मैदा, १८० ग्रॅम कोमट पाणी, १५ ग्रॅम साखर, ५ ग्रॅम मीठ, ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (म्हणजे चहाचा एक सपाट चमचा) आणि २० ग्रॅम तेल किंवा मऊ लोणी घ्या. सगळं एकत्र करून दहा मिनिटं मळा. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा, उबेप्रमाणे त्याला एक ते दीड तास लागतो. मग हवा दाबून काढा, नऊ भाग करून गोल वळा, पुन्हा झाकून अर्धा-पाऊण तास फुगू द्या. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसला सोनेरी होईपर्यंत भाजा. पीठ कोरडं वाटलं तर आणखी दहा ग्रॅम पाणी घाला, मैद्या-मैद्यात फरक असतो.

३. वजनकाटा हवाच का? वाटी-चमच्यानं नाही चालणार?

चालतं, पण मुलांबरोबर काटाच बरा. मूल वाटी ठोकून ठोकून, दाबून भरतं. त्याच वाटीत एकदा १२० ग्रॅम पीठ बसतं आणि एकदा १६०. ब्रेडमध्ये एवढ्या फरकानं सगळं बिघडतं. शिवाय काट्यावर वाडगा ठेवून आकडा शून्य करायचा, ओतायचं, पुन्हा शून्य करायचं, हा मुलांना खेळच वाटतो. यीस्ट आणि मीठ यांना मात्र चमचा वापरा. घरगुती काटे दोन-तीन ग्रॅमला भरवशाचे नसतात.

४. “यीस्ट जिवंत असतं का?” असं मुलीनं विचारलं आणि मी गप्प झालो. काय सांगू?

हो, जिवंत असतं. यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांमध्ये ती झोपलेली असते, ओल आणि ऊब मिळाली की जागी होते. पिठातली साखर खाते आणि कार्बन डायऑक्साइड वायू व थोडं अल्कोहोल सोडते. वायू पिठात अडकतो म्हणून गोळा फुगतो, अल्कोहोल बरंचसं भाजताना उडून जातं.

वायू अडकतो कशात, हा खरा गमतीचा भाग. गव्हाच्या पिठात दोन प्रकारची प्रथिनं असतात, ग्लुटेनिन आणि ग्लायडिन. पाणी लागलं आणि मळलं की त्यांची ग्लुटेन नावाची रबरासारखी जाळी तयार होते. ग्लुटेनिनमुळे जाळी ताणाला टिकते, ग्लायडिनमुळे ती ताणली जाते. मुलांना सांगायचं तर लाखो बारके फुगे, आणि ते फुगवणारी यीस्ट.

मोठ्या मुलांना इतिहासही सांगता येईल. माणसं हजारो वर्षं फुगलेला ब्रेड खात होती, पण किण्वन सजीवांमुळे होतं हे लुई पाश्चर यांनी प्रयोगांतून दाखवलं ते १८५० च्या दशकात आणि त्यानंतर. तोवर ब्रेड करणाऱ्यांना आपण कोणाला कामाला लावलंय याचा पत्ताच नव्हता.

हे नुसतं सांगण्यापेक्षा दाखवा. छोट्या बाटलीत कोमट पाणी, चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट घाला, तोंडाला फुगा लावा. अर्ध्या तासात फुगा उभा राहतो.

५. पाणी किती कोमट? आमचं यीस्ट दर वेळी फेसाळत नाही.

मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर गरम वाटू नये, गारही वाटू नये. अंशांत सांगायचं तर ३५ ते ४० सेल्सिअस. साधारण ५५ ते ६०च्या वर यीस्ट मरतं. पहिल्या वर्षी “जरा लवकर होईल” म्हणून मी केटलमधलं पाणी तसंच ओतलं होतं. चार मुलं दोन तास एका वाडग्याकडे बघत बसली. वाडग्यात काहीही घडलं नाही.

शंका असेल तर आधी तपासा. कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं ठेवा. वर फेसाची साय आली तर यीस्ट चांगलं आहे. नाही आली तर पाकीट जुनं आहे किंवा पाणी कढत होतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी पीठ वाया घालवायच्या आधी कळलं. उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा.

आणि एक: उन्हाळ्यात कोमट पाणी नको, गारच घ्या. पीठ मळून झाल्यावर २४ ते २७ अंशांच्या आसपास असावं. स्वयंपाकघर तापलेलं असताना कोमट पाणी घातलं तर फुगणं हाताबाहेर जातं.

६. पाककृतीत ताजं यीस्ट लिहिलंय, माझ्याकडे इन्स्टंट आहे. किती घालू?

ताज्याच्या साधारण एक तृतीयांश. दहा ग्रॅम ताज्याच्या जागी सव्वातीन ग्रॅम इन्स्टंट पुरतं, ‘ॲक्टिव्ह ड्राय’ असेल तर चार-साडेचार ग्रॅम. इन्स्टंट थेट पिठात मिसळता येतं. ॲक्टिव्ह ड्रायचे दाणे जाड असतात, ते आधी कोमट पाण्यात भिजवावे लागतात. बेकिंग पावडर ही वेगळीच गोष्ट आहे, तिच्यानं ब्रेडची ती तंतुमय जाळी येत नाही.

७. मुलं दोन मिनिटं मळतात आणि हात दुखतात म्हणतात. शिवाय सगळं हाताला चिकटतं.

दोन मिनिटं मळू द्या, मग झाकून वीस मिनिटं सोडा. पीठ आणि पाणी नुसतं एकत्र पडून राहिलं तरी ग्लुटेनची जाळी आपोआप बनत जाते. फ्रेंच तज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी याच विश्रांतीला ‘ऑटोलीझ’ नाव दिलं. वीस मिनिटांनी मुलं परत आली की तोच गोळा गुळगुळीत झालेला असतो. मग आणखी तीन-चार मिनिटं मळलं की झालं. मधल्या वेळात हातही धुऊन होतात.

चिकटण्यावरचा उपाय म्हणजे कोरडं पीठ भुरभुरवणं नव्हे. प्रत्येक मूल मूठमूठ पीठ घेतं आणि शेवटी गोळा वीट होतो. हाताला तेलाचं बोट लावा. सुरुवातीला चिकटणारच, हे मुलांना आधीच सांगून ठेवलं की तक्रार निम्मी होते.

मळून झालं का ते पाहायला लिंबाएवढा तुकडा घेऊन हळूहळू ताणा. पातळ पापुद्रा होऊन पलीकडचा उजेड दिसला आणि तो फाटला नाही तर झालं. ही परीक्षा मुलं मोठ्यांपेक्षा मन लावून घेतात.

८. “एक तासात दुप्पट होतो” असं लिहिलं होतं. आमचा झालाच नाही.

घड्याळ बाजूला ठेवा. त्याच गोळ्याला गरम दिवशी पाऊण तास पुरतो आणि थंडीत अडीच तासही लागतात. सरळ उभ्या काचेच्या भांड्यात गोळा ठेवा, बाहेरून त्याच्या उंचीवर चिकटपट्टी लावा, दुप्पट उंचीवर दुसरी. ही राखण मुलांकडे द्या.

वळलेले बन भाजायला तयार झाले का, यासाठी ओलं बोट हलकेच टोचा. खळगा झटकन भरून आला तर अजून थांबा. हळूहळू अर्धाच भरला तर ओव्हनमध्ये घाला. भरलाच नाही तर उशीर झालाय, लगेच भाजा. अजिबातच हालचाल नसेल तर प्रश्न ५ पाहा.

९. मधल्या वेळात मुलांना थोपवायचं कसं?

थोपवू नका, पळू द्या. मुलांनी सलग तीन तास ब्रेडपाशी बसावं ही आपली हौस. त्यांचं खरं काम वीस-पंचवीस मिनिटांचंच असतं, तेही तुकड्यातुकड्यांत.

ज्यांना सुटीचा अख्खा दिवस देता येत नाही त्यांनी रात्रीचा मार्ग घ्यावा. ३०० ग्रॅम मैदा, ६ ग्रॅम मीठ, पाव चमचा इन्स्टंट यीस्ट, २२० ग्रॅम साधं पाणी. चमच्यानं ढवळून झाकून ठेवा, मळायचं नाही. बारा ते सोळा तासांनी बुडबुड्यांनी भरलेलं सैल पीठ मिळतं. मूल रात्री ढवळून झोपतं आणि सकाळी उठल्या उठल्या झाकण उघडायला धावतं. खरं सांगायचं तर माझी ही सगळ्यात आवडती पद्धत आहे, आणि तिचं मोठं कारण आळस हेच आहे.

१०. मुलानं कच्चं पीठ खाल्लं. काही होईल का?

चिमूटभर खाल्लं असेल तर घाबरू नका, लक्ष ठेवा. उलट्या, जुलाब किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. पण चाखायची सवय मात्र लावू नका. कोरडं पीठ स्वच्छ दिसलं तरी ते धान्य दळून केलेलं कच्चं अन्न आहे, त्यात ई. कोलाय किंवा साल्मोनेला हे आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात. २०१६ साली अमेरिकेत कच्च्या पिठामुळे ई. कोलायची साथ आली होती आणि बाजारातून पीठ परत मागवावं लागलं होतं. पाककृतीत अंडं नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका.

घरात कुत्रं असेल तर फुगणारा गोळा त्याच्या तोंडाला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. पोटाच्या उबेत तो आणखी फुगतो आणि तयार होणारं अल्कोहोल रक्तात जातं. कुत्र्यानं गोळा खाल्ला तर वाट न बघता पशुवैद्याला फोन करा.

११. ओव्हनचं काम मुलांना कितपत द्यावं?

दहा वर्षांखाली आत ठेवणं आणि बाहेर काढणं तुमचंच. मुलांनी काचेतून बघावं. पहिल्या पाच-सात मिनिटांत बन झपकन वर येतात, ते दृश्य चुकवू नका. गरम ट्रे बाहेर आला की तो थंड दिसतो, आणि भाजण्याचे प्रकार तिथेच होतात. म्हणून ट्रे ठेवण्याची जागा ओट्याच्या आतल्या बाजूला आधीच ठरवा. हातमोजा किंवा फडकं कोरडं हवं, ओल्यातून चटका लगेच पोचतो. पेटत्या शेगडीजवळ पीठ उधळू देऊ नका, हवेत उडालेलं पीठ पेट घेतं.

१२. ओव्हन नसेल तर?

जाड बुडाचा तवा किंवा पसरट भांडं आणि घट्ट झाकण एवढं पुरे. बन बोटभर जाडीचे चपटे करा, फुगू द्या, मंद आचेवर झाकून एक बाजू सात-आठ मिनिटं, उलटून तेवढीच. आच मोठी केली तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये करू नका, तिथे ब्रेड शिजतो पण तांबूस होत नाही आणि गार झाला की चिवट होतो. कन्व्हेक्शन (आत गरम हवा खेळवणारी सोय) असलेला असेल तर तो ओव्हनच समजा.

१३. भाजला गेला हे कसं ओळखायचं? आणि गरम असताना कापायला का नाही म्हणता?

उलटा करून बुडावर टकटक करा, पोकळ आवाज यायला हवा. अन्नाचा थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९० अंशांच्या पुढे गेलेलं असावं. रंगावर एकट्या विसंबू नका, साखर जास्त असली की वरून लवकर तांबूस होतो.

ओव्हनमधून काढल्यावरही आतली ओल सरकत असते आणि स्टार्च घट्ट व्हायचा असतो. मोठा लोफ तेव्हाच कापला तर सुरीला चिकट लगदा लागतो. त्याला तासभर द्या. बनाला पंधरा मिनिटं पुरतात, बनांनी सुरुवात करा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

“वरचा भाग तांबूस आणि आतला पांढरा का?” असं मूल विचारतंच. प्रथिनं आणि साखर यांच्यातली ही तांबूस करणारी प्रक्रिया लुई-कामिय माय्यार यांनी १९१२ मध्ये मांडली. साधारण १४० अंशांच्या पुढे ती जोरात चालते. आत पाणी असल्यामुळे तिथलं तापमान शंभरावर जात नाही, म्हणून तो भाग पांढरा.

१४. ब्रेड दगडासारखा झाला. कुठे चुकलं?

बहुतेक वेळा पीठ जास्त पडलेलं असतं (प्रश्न ३ आणि ७) किंवा पुरेसं फुगू दिलेलं नसतं (प्रश्न ८). वर येऊन मग मधोमध बसला तर उलटं झालंय, जास्त फुगवला. बाजूनं फाटला तर दुसऱ्यांदा फुगायला वेळ कमी दिला किंवा वरची साल वाळली, म्हणून झाकण विसरू नका. आंबूस, दारूसारखा वास म्हणजे फार वेळ उबेत राहिला. चुकलेला ब्रेड टाकू नका. पातळ काप करून १५० अंशांवर कडकडीत भाजा, मुलांना ते खऱ्या ब्रेडपेक्षा जास्त आवडल्याचं पाहिलं आहे.

१५. मैदा नकोय. पूर्ण गव्हाच्या पिठाचा होतो का?

होतो, पण तितका हलका होत नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या जाळीला कापतात आणि पाणीही शोषून घेतात. ३०० ग्रॅमला वीस-तीस ग्रॅम पाणी जास्त घाला आणि मळण्याआधी अर्धा तास भिजू द्या. पहिल्या वेळी निम्मं-निम्मं घ्या. पौष्टिकतेच्या हट्टापायी पहिलाच ब्रेड वीट झाला तर मूल दुसऱ्यांदा येत नाही.

१६. साखर आणि मीठ दोन्ही वगळले तर?

साखर खुशाल वगळा. पिठातल्या स्टार्चपासून यीस्टला साखर मिळते, फक्त रंग जरा फिका येतो. मीठ मात्र नुसतं चवीला नसतं. ते यीस्टला आवर घालतं आणि ग्लुटेन घट्ट करतं. मीठ नसलेला गोळा भराभर फुगतो, सैल पडतो आणि ब्रेड मिळमिळीत लागतो. बाळासाठी कमी करायचं असेल तर निम्मं करा आणि फुगण्यावर नजर ठेवा.

१७. साखरेच्या जागी मीठ पडलं! काही करता येईल का?

दोन-तीन चमचे असेल तर नाही. एवढ्या मिठात यीस्टमधलं पाणीच ओढलं जातं. मळायच्या आधी लक्षात आलं आणि मीठ एका जागी ढीग होऊन असेल तर चमच्यानं उचलून घ्या. मिसळलं असेल तर टाका आणि नव्यानं घ्या. डबे सारखे दिसत असतील तर दोष मुलाचा नाही.

१८. एका मुलाला ग्लुटेन चालत नाही. त्याला सोबत कसं घेऊ?

सीलिॲक (ग्लुटेननं आतड्याला इजा होण्याचा आजार) असेल तर त्या दिवशी घरात गव्हाचं पीठ उघडूच नका. उडालेलं पीठ ओट्यावर, फडक्यावर, तोंडात जातं आणि अगदी थोडंही त्रास देतं. सगळ्यांनीच ग्लुटेनमुक्त ब्रेड करावा. तांदूळ किंवा ज्वारीच्या पिठात जाळी बनत नाही, तिचं काम इसबगोल करतं, ३०० ग्रॅम पिठाला साधारण १५ ग्रॅम. पीठ ओलसर असतं, मळता येत नाही, साच्यात ओतावं लागतं. हे ब्रेड एकदाच फुगवतात.

१९. घरात दहा महिन्यांचं बाळ आहे. ब्रेडमध्ये साखरेऐवजी मध चालेल?

बाळ तो ब्रेड खाणार असेल तर नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, भाजलेल्या पदार्थातूनही नाही. मधात बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शंभर अंशांना मरत नाहीत आणि ब्रेड आतून त्यापुढे तापतच नाही (प्रश्न १३). मोठ्यांना मध चालतो.

२०. मुलगा म्हणतो, यीस्ट विकत न आणता करू. सावरडो, म्हणजे घरीच आंबवलेल्या पिठाचा ब्रेड, जमेल?

जमेल, पण दोन आठवडे धीर हवा. ५० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी बरणीत ढवळा, झाकण सैल ठेवा. रोज त्यातला बराचसा भाग काढून टाका आणि उरलेल्यात पुन्हा तेवढंच पीठ-पाणी घाला. पिठातच असलेली रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू हळूहळू जम बसवतात.

इथे एक फसवाफसवी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणी जोरात फसफसते. ते काम दुसऱ्याच जिवाणूंचं असतं. मग आम्ल वाढतं, ते मागे हटतात आणि बरणी दोन-चार दिवस निपचित पडते. बरेच जण इथेच फेकून देतात. तुम्ही फेकू नका, खाऊ घालत राहा. खाऊ घातल्यावर सहा-आठ तासांत दुप्पट व्हायला लागली की बरणी तयार. गुलाबी-नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली तर मात्र सगळं टाका.

बरणीला नाव ठेवायचं काम मुलांचं. आमच्याकडच्या बरणीचं नाव ‘ढेकरे काका’ आहे.

२१. घरचा ब्रेड किती टिकतो? फ्रिजमध्ये ठेवू?

दोन दिवस बाहेर, कापडात किंवा डब्यात. फ्रिज नको. शिळेपणा म्हणजे नुसतं वाळणं नव्हे, शिजलेला स्टार्च पुन्हा कडक रचनेत जातो आणि फ्रिजच्या थंडाव्यात ते सगळ्यात वेगानं होतं. जास्त असेल तर काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट भाजा. गरम केला की तो काही वेळ पुन्हा मऊ होतो. बुरशी एका कोपऱ्यात दिसली तरी अख्खा टाका, तिचे तंतू आत पसरलेले असतात. उष्ण, दमट दिवसांत ब्रेडच्या आत चिकट तार सुटली आणि अति पिकलेल्या फळासारखा वास आला तर तेही टाकायचं. ती बुरशी नसते, जिवाणू असतात. त्यानंतर ओटा आणि साचे व्हिनेगरनं पुसून घ्या.

२२. मुलीनं केलेला बन वेडावाकडा होता. फुगताना मी तो गुपचूप नीट करून ठेवला, तर ती रडली. चुकलं का माझं?

हो. तिला तो ओळखता आला नाही. वाकडा बन सरळ बनाइतकाच भाजतो, फक्त बारीक टोकं आधी करपतात. ती वाचवायची असतील तर भाजताना त्यांच्यावर फॉइलचा तुकडा ठेवा. आणि ट्रेमध्ये बनांखाली कागद असेल तर प्रत्येक बनाशेजारी पेन्सिलीनं नाव लिहा.

२३. गोळा फ्रिजमध्ये ठेवला आणि विसरलो. चार दिवस झाले. आता?

उघडून पाहा. करडा पडला असेल किंवा त्यावर रंगीत ठिपके असतील तर टाका. नुसता दारूसारखा उग्र वास असेल, गोळा सैल आणि चिकट झाला असेल तर तो एकट्यानं धड फुगणार नाही, त्याचं ग्लुटेन तुटत आलेलं असतं. पण टाकायचं कारण नाही. प्रश्न २ मधलं पीठ नव्यानं भिजवा आणि त्यात याचा १०० ग्रॅम तुकडा चुरून मिसळा. चव छान खमंग येते. उरलेला लाटून पातळ करा, काट्यानं टोचा आणि तव्यावर भाजा. लाटायचं काम मुलांना द्या. गोल झालं नाही तरी बिघडत नाही.